परभाषिक स्वर आणि मराठी गीत : मोहम्मद रफी यांच्या मराठी ध्वनिमुद्रिकांचा पुनर्विचार

प्रस्तावना

मराठी सुगम संगीताविषयी लिहिताना मोहम्मद रफी यांचा उल्लेख बहुधा एका ठरावीक वाक्याने केला जातो. मातृभाषा मराठी नसूनही त्यांनी मराठी गीते किती स्वच्छ गायिली, असे ते वाक्य असते. वाक्य कौतुकाचे आहे आणि ते करणाऱ्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तथापि त्यातील ‘नसूनही’ हा शब्द विचार करण्याजोगा आहे. या एका शब्दामुळे गायक पाहुणा ठरतो, श्रोता यजमान ठरतो आणि गीताचे मूल्यमापन पाहुण्याने यजमानाची रीत कितपत पाळली एवढ्यापुरते मर्यादित होते. चांगले गीत चांगले का वाटते, हा समीक्षेचा मूळ प्रश्न मात्र बाजूलाच राहतो.

प्रस्तुत लेखात रफी यांच्या निवडक मराठी गीतांच्या आधारे या रूढ निकषाची तपासणी केली आहे. तुलनेसाठी हेमंतकुमार यांची सागरगीते आणि रफी यांचीच दोन इंग्रजी गीते विचारात घेतली आहेत. हा अभ्यास श्रवणावर आधारित आहे. यंत्रसाहाय्याने ध्वनीचे मापन येथे केलेले नाही. तसेच रफी यांच्या सर्व मराठी गीतांची सूची देणे हा या लेखाचा उद्देश नाही. रत्नागिरीसारख्या किनारपट्टीवरील गावात बसून ही गीते ऐकताना जे प्रश्न पडतात, त्यांची मांडणी येथे अभिप्रेत आहे.

उच्चारशुद्धीचा निकष

मराठी भावगीत ही मूलतः शब्दप्रधान परंपरा आहे. यशवंत देव यांनी ‘शब्दप्रधान गायकी’ या नावाचा ग्रंथच लिहिला, यावरून या परंपरेत शब्दाला किती महत्त्व आहे हे लक्षात येते. ज्या परंपरेत शब्द हा केंद्रस्थानी असतो, तेथे उच्चाराची चिकित्सा होणारच. प्रश्न चिकित्सेचा नसून तिच्या स्वरूपाचा आहे.

येथे एका प्रसिद्ध प्रसंगाची आठवण होते. कारकिर्दीच्या प्रारंभी दिलीपकुमार यांनी आपल्या उर्दू उच्चारांविषयी शंका घेतली, मराठी माणसांच्या उर्दूला वरण-भाताचा वास येतो अशा आशयाचे उद्गार काढले आणि त्यानंतर आपण रीतसर उर्दूची शिकवणी लावली, असे लता मंगेशकर (१९२९–२०२२) यांनी अनेकदा सांगितले होते. मराठी वाचक हा प्रसंग अभिमानाने सांगतो, कारण त्याचा शेवट विजयात होतो. परंतु त्यात दडलेला दुसरा धडा आपण सहसा घेत नाही. ज्या शंकेने आपल्या गायिकेला क्षणभर परके ठरवले, त्याच जातीची शंका आपण मराठीच्या उंबरठ्यावर उभे राहून इतरांविषयी घेत असतो. तिची भाषा सौम्य असते आणि शेवटी शाबासकीही दिली जाते, एवढाच काय तो फरक.

‘पाहुणा’ हे विशेषण वस्तुस्थितीशीही फारसे जुळत नाही. २४ डिसेंबर १९२४ रोजी पंजाबातील कोटला सुलतानसिंह येथे जन्मलेले रफी १९४४मध्ये मुंबईत आले आणि ३१ जुलै १९८० रोजी याच शहरात त्यांचे निधन झाले. म्हणजे आयुष्याची छत्तीस वर्षे त्यांनी मराठी मुलखात काढली. अमेरिकन गायक नॅट किंग कोल यांनी १९५८मध्ये ‘कोल एस्पान्योल’ ही स्पॅनिश गीतांची ध्वनिमुद्रिका काढली, ती भाषा येत नसताना केवळ ध्वनी पाठ करून. डीन मार्टिन यांच्या १९६२च्या ‘फ्रेंच स्टाइल’ या ध्वनिमुद्रिकेत तर फ्रान्सचे वातावरण असले तरी गायन बहुतांशी इंग्रजीतच आहे. रफी यांचे प्रकरण या दोहोंहून वेगळे आहे. ज्या भाषेत ते गायिले, ती त्यांच्या शहरातील रस्त्यावरची भाषा होती.

ध्वनिव्यवस्थेच्या दृष्टीने

परभाषिक गायकाला मराठीत अडचणीचे ठरणारे ध्वनी साधारणतः तीन मानले जातात : ‘ळ’, ‘ण’ आणि ‘च’, ‘ज’, ‘झ’ यांचे दंत्य उच्चार. लिपीत एकच असलेले ‘जग’ हे अक्षररूप ‘विश्व’ या अर्थी एका प्रकारे आणि ‘जगणे’ या क्रियापदाचे आज्ञार्थी रूप म्हणून दुसऱ्या प्रकारे उच्चारले जाते. ‘चमचा’ या शब्दाचे अनेकवचन करताच शेवटच्या ‘च’चा ध्वनी बदलतो. मराठी भाषकाला हे शिकवावे लागत नाही. परभाषिकाला मात्र कागद पाहून ते कळणे अशक्य असते, ते कानानेच शिकावे लागते.

आता या दृष्टीने रफी यांच्या भाषिक पार्श्वभूमीकडे पाहू. हिंदी-उर्दू चित्रपटगीतांत ‘ळ’ नाही, हे खरे. परंतु रफी यांची मातृभाषा पंजाबी होती आणि पंजाबीच्या बोलण्यात ‘ण’ भरपूर आहे, तसेच ‘ळ’सदृश मूर्धन्य ध्वनीही आहे, गुरुमुखी लिपीत त्यासाठी नेहमीच वेगळे अक्षर वापरले जात नसले, तरी जिभेला त्याची सवय असते. उर्दू गझलेमुळे त्यांच्या गळ्यात ‘ज़’ हा घर्षक ध्वनी पक्का बसलेला होता आणि मराठीतील दंत्य ‘ज’ त्याच्या बराच जवळ जातो. याउलट बंगालीत ‘ण’ लिहिला जातो, पण ‘न’सारखा उच्चारला जातो, ‘ळ’ नाहीच आणि ‘व’चा बहुधा ‘ब’ होतो. त्यामुळे मराठी गाताना हेमंतकुमार किंवा मन्ना डे यांना पार करावे लागणारे अंतर रफी यांच्यापेक्षा अधिक होते.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. ‘अमराठी गायक’ हा एकच एक वर्ग कल्पून त्यांना एकाच तराजूत तोलणे शास्त्रीय नाही. प्रत्येक गायक आपली मूळ भाषा घेऊन मराठीत येतो आणि कोणता ध्वनी त्याला सहज साधेल, कोणता नाही, हे त्या मूळ भाषेवर अवलंबून असते. रफी यांच्या स्वच्छ उच्चारांमागे त्यांचा कष्टाळू स्वभाव असेलच. पण त्या यशात पंजाबीचाही वाटा आहे. आपण ज्याला मराठीपणा म्हणून दाद देतो, त्यातील काही भाग पंजाबीपणा असावा, ही गोष्ट मराठी अभिमानाला किंचित गंमतीची वाटली तरी भाषाभ्यासाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

भक्तिगीते : श्रीकांत ठाकरे यांचे दिग्दर्शन

रफी यांची सर्वांत लोकप्रिय मराठी गीते संगीतकार श्रीकांत ठाकरे यांच्याकडील आहेत. वंदना विटणकर यांचे ‘शोधिसी मानवा’ आणि उमाकांत काणेकर यांचे ‘प्रभू तू दयाळू’ ही त्यांतील विशेष गाजलेली भक्तिगीते. देव देवळात शोधू पाहणाऱ्या माणसाला त्याच्या अंतःकरणाकडे वळवणारा पहिल्या गीताचा आशय मराठी श्रोत्याला नवा नाही. संतवाङ्मयापासून तो या मातीत रुजलेला आहे.

या दोन्ही गीतांच्या ध्रुवपदांतच ‘ळ’ येतो. एकात ‘राउळ’ या शब्दात, दुसऱ्यात ‘दयाळू’ या शब्दात. ध्रुवपद पुन्हा पुन्हा येत असल्याने हा ध्वनी झाकून नेणे शक्य नाही, आणि रफी तो झाकतही नाहीत. ‘राउळ’मधील ‘ळ’वर जीभ क्षणभर स्थिरावते आणि मगच स्वर पुढे सरकतो. येथे केवळ उच्चार बरोबर आहे असे म्हणून थांबणे अपुरे ठरेल. त्या स्थिरावण्यामुळे प्रश्न विचारणाऱ्याच्या बोलण्यात जो थांबा असतो तो गीतात उतरतो आणि उपदेशाचा सूर न लागता आर्जवाचा लागतो. ‘बैजू बावरा’ (१९५२) या चित्रपटातील रफी यांच्या गाजलेल्या भजनाशी याची तुलना उद्बोधक ठरेल. तेथे आवाज वरच्या स्वरांत चढत जातो आणि भक्ताची व्याकुळता चढण्यातूनच व्यक्त होते. ‘शोधिसी मानवा’मध्ये आवाज चढतो, परंतु दरवेळी शब्दाशी परत येतो. हिंदी चित्रपटातील रफी येथे मराठी भावगीताच्या शिस्तीत वावरताना दिसतात.

या शिस्तीचे श्रेय संगीतकारालाही द्यावयास हवे. श्रीकांत ठाकरे हे स्वतः व्हायोलिनवादक होते आणि ‘मार्मिक’मध्ये ‘शुद्धनिषाद’ या नावाने चित्रपटपरीक्षणे लिहीत. ज्या घरातून १९६०मध्ये ‘मार्मिक’ निघाले आणि १९६६मध्ये मराठी माणसाच्या हक्कांची राजकीय चळवळ उभी राहिली, त्याच घरातील संगीतकाराला आपल्या मराठी भक्तिगीतांसाठी पंजाबी मुसलमान गायकाचा आवाज हवासा वाटला, ही घटना बोलकी आहे. तिच्यातून सोयीचे राजकीय निष्कर्ष काढण्याचा मोह टाळला पाहिजे. एवढे मात्र निश्चित म्हणता येईल की, भाषा ही हक्क सांगण्याची वस्तू असते तशीच ती दुसऱ्याच्या कंठात ठेवून ऐकण्याचीही वस्तू असते आणि एकाच घरात या दोन्ही जाणिवा एकाच काळी नांदू शकतात.

ही गीते सर्वस्वी निर्दोष आहेत, असे मात्र नाही. ‘हा छंद जिवाला लावी पिसे’ यासारख्या प्रणयगीतात रफी यांची गझलेची सवय अधिक प्रभावी ठरते. शब्दांती येणारी नाजूक मुरकी आणि अखेरच्या स्वराला दिलेली लांबण यांमुळे मराठी वाक्याची स्वाभाविक लय काही ठिकाणी उर्दू मिसऱ्याच्या वळणावर जाते. गीत गोड आहे, लोकप्रियही आहे. परंतु येथे शब्द सुरामागे चालतो. भक्तिगीतांत ज्या तोलाची जाणीव होते, ती येथे होत नाही. वाद्यमेळही तत्कालीन हिंदी चित्रपटसंगीताचा आहे. उच्चारशुद्धीच्या एकाच निकषावर ही सर्व गीते सारख्याच गुणांनी उत्तीर्ण होतील. त्यांच्यातील हा फरक सांगण्याचे साधन त्या निकषाजवळ नाही.

सागरगीते : बोली कोणाची?

रत्नागिरीच्या श्रोत्याला अधिक जवळचा प्रश्न सागरगीते उपस्थित करतात. वंदना विटणकर यांनी लिहिलेले, श्रीकांत ठाकरे यांनी स्वरबद्ध केलेले आणि रफी व पुष्पा पागधरे यांनी गायिलेले ‘अगं पोरी संभाल’ हे वादळाचे गीत, तसेच शान्ता शेळके यांनी लिहिलेले, हृदयनाथ मंगेशकर यांनी स्वरबद्ध केलेले आणि हेमंतकुमार व लता मंगेशकर यांनी गायिलेले ‘मी डोलकर’ ही दोन गीते मराठी मनातील समुद्राची प्रातिनिधिक गीते होऊन बसली आहेत.

या गीतांची भाषा ही उत्तर कोकणातील, म्हणजे मुंबई, ठाणे व रायगड परिसरातील आगरी-कोळी वळणाची आहे. या बोलीचे एक ठळक लक्षण असे की, तीत प्रमाण मराठीतील ‘ळ’च्या जागी ‘ल’ आणि ‘ण’च्या जागी ‘न’ येतो. ‘पाणी’चे ‘पानी’ होते, ‘डोळा’चे ‘डोला’. परभाषिक गायकाला अवघड वाटणारे दोन ध्वनी या बोलीने स्वतःच वगळलेले आहेत. त्यामुळे प्रमाण भाषेतील भावगीतात जे बंगाली वळण खटकण्याचा संभव होता, ते सागरगीतात खटकत नाही, उलट बोलीत मिसळून जाते. हेमंतकुमार यांचा खर्जातला, खुला आणि अनलंकृत आवाज नावेवरच्या माणसाचा वाटतो, त्यामागे आवाजाच्या पोताइतकेच हे भाषिक कारणही आहे.

रफी यांच्या गीतात आणखी एक योग जुळून आला आहे. ‘दर्या’ आणि ‘तुफान’ हे त्या गीतातील दोन्ही आधारशब्द फारसी-अरबी परंपरेतून मराठीत आलेले आहेत. ‘दर्या’ म्हणजे फारसीत समुद्र. उर्दूत मात्र तो शब्द प्रामुख्याने नदीसाठी वापरला जातो. कोकण किनाऱ्याने त्याचा समुद्र हाच अर्थ कायम राखला, जसे ‘बंदर’ आणि ‘खलाशी’ हे शब्दही राखले. म्हणजे रफी यांच्या ओठी असलेला ओळखीचा शब्द या गीतात त्यांना वेगळ्या, अधिक विस्तीर्ण अर्थाने भेटतो. ज्या गीताला आपण अस्सल मातीतले म्हणतो, त्याची शब्दसंपत्ती शतकानुशतके समुद्रावरून ये-जा करणाऱ्यांनी आणलेली आहे. गायक परका आणि गीत अस्सल, ही विभागणी येथे टिकत नाही.

हाच युक्तिवाद पुढे नेला असता एक अस्वस्थ करणारा प्रश्न निर्माण होतो. गायक परभाषिक आहे हे आपण लगेच ओळखतो; परंतु कवी आणि संगीतकार तरी त्या बोलीचे होते काय? शान्ता शेळके यांचा जन्म इंदापूरचा. समुद्रावर उपजीविका करणाऱ्यांची ही बोली त्यांनी प्रतिभेने आत्मसात केली. श्रीकांत ठाकरे यांची बोलीही ती नव्हती. कवी, संगीतकार आणि गायक हे तिघेही त्या बोलीकडे बाहेरूनच आले. फरक इतकाच की, पहिल्या दोघांचे बाहेरपण मराठीच्या पांघरुणाखाली झाकले जाते, तिसऱ्याचे उघडे पडते.

रत्नागिरीच्या किनाऱ्यावरून पाहता हे बाहेरपण आणखी एका बाजूने जाणवते. मिरकरवाडा बंदरावर आणि आसपासच्या मच्छीमार वस्त्यांत दालदी मुसलमान आहेत, खारवी आहेत, भंडारी आहेत. त्यांच्या बोली या गीतांतील बोलीहून भिन्न आहेत. ‘कोळीगीत’ या नावाने मराठीने जो समुद्र स्वीकारला, तो उत्तर कोकणचा. ‘हा खेळ सावल्यांचा’ (१९७६) या चित्रपटात सुधीर मोघे यांनी लिहिलेले आणि हेमंतकुमार व आशा भोसले यांनी गायिलेले ‘गोमू’चे गीत आपल्याकडे आवडीने गुणगुणले जाते. पण ‘गोमू’ हा शब्द ऐकताच येथील श्रोत्याच्या डोळ्यांसमोर शिमग्यातील संकासुराबरोबर नाचणारी गोमू उभी राहते. त्या नाचाचा ठेका, नमन-खेळ्यांची गाणी किंवा जाखडीतील शक्ती-तुऱ्याचे सवाल-जबाब यांना मात्र त्या काळच्या मान्यवर ध्वनिमुद्रिकांत तशी जागा मिळाली नाही.

एक प्रतिवाद आणि एक कसोटी

येथे असा प्रतिवाद केला जाईल की, नामवंत परभाषिक गायकांना ही संधी दिल्यामुळेच स्थानिक गळे मागे पडले. या तक्रारीत तथ्य आहे. बाजारपेठ नेहमीच परिचित नावाकडे झुकते. दादा कोंडके यांच्या चित्रपटांतून महेंद्र कपूर यांचा आवाज वर्षानुवर्षे ऐकू आला, त्यामागे त्या आवाजाच्या मोकळेपणाबरोबर त्याची ओळखही होती. व्यवसायाची ही रीत केवळ मराठीपुरती नव्हती. तलत महमूद यांच्या आरंभीच्या बंगाली ध्वनिमुद्रिका ‘तपनकुमार’ या नावाने निघाल्या. श्रोत्याला नाव आपले वाटावे, हा त्यामागील विचार उघड आहे. रफी यांना मराठीत नाव बदलावे लागले नाही, ही मराठी श्रोत्याच्या बाजूने नोंदवण्यासारखी गोष्ट आहे. परंतु स्थानिक बोलींची उपेक्षा परभाषिक गायकांनी केलेली नाही. ती मराठीच्या केंद्रस्थानी बसून काय लिहावे आणि काय ध्वनिमुद्रित करावे हे ठरवणाऱ्यांनी केली. दोष शोधावयाचा तर तो तेथे शोधला पाहिजे.

रफी यांची मराठी गीते टिकली ती केवळ त्यांच्या आवाजामुळे, असेही म्हटले जाईल. याला उत्तर म्हणून त्यांची इंग्रजी गीते कसोटीसारखी वापरता येतात. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी दोन इंग्रजी गीते ध्वनिमुद्रित केली. शब्द हरींद्रनाथ चट्टोपाध्याय यांचे होते आणि चाली शंकर-जयकिशन यांच्या, त्याही ‘सूरज’ व ‘गुमनाम’ या चित्रपटांतील गाजलेल्या हिंदी गीतांच्याच. गायक तोच, आवाज ऐन बहरातला, चाली लोकांच्या ओठांवर असलेल्या. तरीही ही गीते आज केवळ कुतूहलापुरती उरली आहेत. याचे कारण उच्चारात शोधण्यापेक्षा रचनेत शोधणे योग्य होईल. तेथे चाल आधी होती, हिंदी शब्दांच्या ऱ्हस्व-दीर्घांवर ती घडलेली होती. इंग्रजी शब्द नंतर त्या मापात बसवले गेले. इंग्रजीचा आघात एकीकडे आणि चालीची सम दुसरीकडे, अशी ओढाताण होते. मराठी गीतांत मात्र शब्द मराठी आहे आणि चाल त्या शब्दासाठी, मराठी कानाने घडवलेली आहे. गायकाच्या कंठात प्रवेश करण्यापूर्वीच ते गीत मराठी झालेले असते.

ही कसोटी कोणालाही घरी करून पाहता येईल. इंग्रजी गीत ऐकावे आणि लगेच ‘शोधिसी मानवा’ ऐकावे. पहिल्यात आपण रफींना ऐकतो, दुसऱ्यात गीत ऐकतो.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. परभाषिक गायकांच्या मराठी गीतांचे मूल्यमापन केवळ उच्चारशुद्धीच्या आधारे करणे अपुरे आहे, कारण तो निकष एकाच गायकाच्या सरस आणि साधारण गीतांतील फरक सांगू शकत नाही. गायकाची मूळ भाषा ही अडथळाच असते असे नाही; रफी यांच्या बाबतीत पंजाबी आणि उर्दू या दोन्ही भाषांनी मराठीला हात दिला. गीताचे मराठीपण गायकाच्या जन्मस्थानावर अवलंबून नसून शब्द आणि चाल यांचा मेळ कोणत्या भाषेच्या लयीवर बसवला आहे, यावर अवलंबून आहे. आणि सागरगीतांच्या बाबतीत, बोलीच्या अस्सलपणाचा प्रश्न गायकाच्या आधी कवीला, संगीतकाराला आणि श्रोत्यालाही विचारला पाहिजे.

या शेवटच्या मुद्द्याचा संबंध आपल्या परिसराशी आहे. नमन-खेळ्यांची आणि जाखडीची पदे, बंदरावरच्या निरनिराळ्या बोलींतील गाणी आजही ऐकावयास मिळतात. ती गाणारी पिढी मात्र वृद्ध होत चालली आहे. त्यांचे पद्धतशीर ध्वनिमुद्रण आणि उच्चारांसह लेखन हे येथील महाविद्यालयांतील भाषा व संगीत विभागांना सहज करता येण्याजोगे काम आहे. पंजाबातून आलेल्या गायकाने मराठीतला ‘ळ’ किती जपून उच्चारला याचे कौतुक आपण गेली अनेक दशके करीत आलो आहोत. आपल्याच किनाऱ्यावर ‘ळ’ किती प्रकारांनी उच्चारला जातो आणि कोठे मुळीच उच्चारला जात नाही, याची नोंद करण्याइतकी आस्था आपण दाखवली, तर ते कौतुक अधिक प्रामाणिक ठरेल.